हातांची भाषा आणि परक्याची कथा

मुक्यानें गूळ खाल्ला तरी त्याची गोडी त्याला सांगतां येत नाहीं, हा दृष्टांत महाराष्ट्रांतील कीर्तनकारांच्या व प्रवचनकारांच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. कांहीं अनुभव शब्दांच्या पलीकडचे असतात, एवढें सांगण्यापुरता तो सुरेख आहे. परंतु वस्तुस्थिति म्हणून तो खरा नाहीं. जन्मतः बहिरा असलेला मनुष्य दुसऱ्या बहिऱ्या मनुष्याला गुळाची गोडी अगदीं नेमकी सांगूं शकतो; गूळ नवा कीं जुना, निखळ गोड कीं किंचित् खारट, हेंही सांगूं शकतो. तो हातांनीं सांगतो, भुंवयांनीं सांगतो, खांद्यांच्या हालचालीनें सांगतो. जवळ उभ्या असलेल्या बोलक्या माणसाला ती भाषा कळत नाहीं. आणि आपल्याला कळत नाहीं, त्या अर्थीं समोरच्याला सांगतांच येत नाहीं, असा निर्णय देऊन तो मोकळा होतो.

अडचण सांगणाराची कीं पाहणाराची, ह्या एका प्रश्नाभोंवतीं कर्णबधिरांचा गेल्या अडीचशें वर्षांचा इतिहास फिरत आलेला आहे. नवल असें कीं, बहिऱ्यांविषयीं कांहीं लिहिण्याचा ज्यांचा हेतु नव्हता, अशा कांहीं थोर कथाकारांनीं ह्याच प्रश्नाला हात घातला आहे. त्यांच्या त्या कथा परक्याच्या आहेत. निराळ्या घडणीचा एक जीव एका समाजांत येऊन पडतो. समाज त्याला आसरा देतो, अन्न देतो, कधीं प्रेमही देतो. आणि त्या सर्वांच्या बदल्यांत त्याच्याजवळचें कांहीं मागतो. तो इतिहास आणि त्या कथा शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या, तर एकावर दुसऱ्याचा प्रकाश पडतो. येथें तसें करून पाहावयाचें आहे.

आरंभ फ्रान्सपासून केला पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यास पॅरिस नगरांत शार्ल-मिशेल द लेपे नांवाचा एक धर्मोपदेशक होता. त्याचा जन्म १७१२ चा आणि मृत्यु १७८९ चा. दोन बहिऱ्या बहिणींना धर्मशिक्षण देण्याच्या निमित्तानें तो ह्या कामाकडे वळला, आणि १७६० च्या सुमारास त्याच्या घरीं बहिऱ्या मुलांची शाळा सुरू झाली. खुणांची भाषा त्यानेंच निर्माण केली, असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें बरोबर नाहीं. पॅरिसमधील बहिऱ्या लोकांत ती अगोदरच प्रचारांत होती. द लेपेचें मोठेपण निराळें आहे. शिकविण्यासाठीं गेलेला हा मनुष्य प्रथम आपल्या शिष्यांकडून शिकला. त्यांच्या खुणा त्यानें उचलल्या आणि फ्रेंच व्याकरण शिकविण्यासाठीं त्यांत स्वतःच्या कांहीं खुणांची भर घातली. १७७९ सालीं पियेर देलोज ह्या पुस्तकें बांधणाऱ्या बहिऱ्या कारागिरानें आपल्या लोकांच्या ह्या भाषेची बाजू मांडणारें एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. ज्यांना मुके म्हणावयाचें, त्यांच्यांतील एक मनुष्य छापील शब्दांत बोलूं लागला होता.

ह्या शाळेंतून शिक्षक तयार झाले, आणि त्यांतील कित्येक स्वतः बहिरे होते. लोराँ क्लेर हा त्यांपैकींच एक. तो १८१६ सालीं टॉमस गॅलॉडेट ह्या अमेरिकन गृहस्थाबरोबर समुद्र ओलांडून गेला आणि १८१७ सालीं हार्टफर्ड येथें त्या दोघांनीं अमेरिकेंतील बहिऱ्या मुलांची पहिली कायम शाळा स्थापन केली. इकडे पॅरिसमध्यें फेर्दिनाँ बेर्तिए ह्या बहिऱ्या शिक्षकाच्या पुढाकारानें १८३४ पासून द लेपेच्या जन्मदिनाचीं भोजनें होऊं लागलीं. त्यांत भाषणें हातांनीं होत आणि सगळ्या पंक्तीला समजत. १८६४ सालीं वॉशिंग्टन येथें बहिऱ्यांसाठीं उच्च शिक्षणाची सोय झाली; अध्यक्ष लिंकन ह्यांनीं त्या कायद्यावर सही केली. शंभर वर्षांच्या अवधींत एकएकटे, विखुरलेले, गांवच्या चेष्टेचे विषय असलेले लोक एक समाज बनले होते. त्यांच्या शाळा होत्या, मंडळें होतीं, आपसांत विवाह होत होते, आणि शिक्षकाच्या खुर्चीवर त्यांचींच माणसें बसत होतीं.

ह्या पार्श्वभूमीवर १८८० च्या सप्टेंबर महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयीं एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ६ तारखेपासून ११ तारखेपर्यंत ती चालली. प्रतिनिधि १६४ होते, आणि त्यांतील बहुसंख्य इटलीचे व फ्रान्सचे होते. त्या सर्वांत बहिरा प्रतिनिधि एकच होता. वॉशिंग्टनच्या शाळेचा मुख्याध्यापक जेम्स डेनिसन. परिषदेनें ठराव केला तो असा कीं, बहिऱ्या मुलाला समाजांत आणण्यास आणि त्याला भाषेचें ज्ञान देण्यास खुणांपेक्षां वाचा निःसंशय श्रेष्ठ आहे, म्हणून शिक्षणांत वाचापद्धतीसच प्राधान्य द्यावें. दुसऱ्या ठरावानें खुणा व वाचा ह्यांचा मिश्र उपयोगही त्याज्य ठरविला. त्यानें बोलणें, ओंठ वाचणें आणि विचारांचा नेमकेपणा ह्या तिहींची हानि होते, असें कारण देण्यांत आलें. पहिला ठराव १६० विरुद्ध ४ मतांनीं मंजूर झाला.

ठरावाचा परिणाम लवकरच दिसूं लागला. युरोपांतील शाळांमागून शाळांनीं शुद्ध वाचापद्धति स्वीकारली. द लेपेची पॅरिसची शाळाही त्यांतून सुटली नाहीं. बहिरा शिक्षक बोलावयास शिकवूं शकणार नाहीं, म्हणून त्याची जागा गेली. अमेरिकेंत १८७० च्या सुमारास बहिऱ्यांच्या शाळांतील शिक्षकांपैकीं सुमारें ४० टक्के स्वतः बहिरे होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत तें प्रमाण सुमारें १५ टक्क्यांवर आलें. वर्गांत मुलांनीं हात हालवूं नयेत म्हणून त्यांना हातांवर बसविलें जाई, बोटांवर छडी मारली जाई. जी मुलें शाळेंत आपली भाषा शिकण्यासाठीं आलीं होतीं, तीं ती भाषा रात्रीं वसतिगृहांत, चोरून, एकमेकांपासून शिकूं लागलीं.

हें सर्व करणारे लोक दुष्ट नव्हते, ही गोष्ट विसरतां कामा नये. बहिऱ्या मुलाला चार माणसांत उठतां-बसतां यावें, त्यानें कोणाच्या दयेवर जगूं नये, ही त्यांची कळकळ खरी होती. टेलिफोनचा शोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याचें उदाहरण बोलकें आहे. त्याची आई बहिरी होती, पत्नी बहिरी होती, आणि बहिऱ्यांना बोलावयास शिकविणें हा त्याच्या जिव्हाळ्याचा व्यवसाय होता. त्याच बेलनें १८८३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढें एक प्रबंध वाचला. बहिऱ्यांनीं बहिऱ्यांशीं विवाह केल्यानें मनुष्यजातींत एक बहिरी उपजातिच निर्माण होईल, अशी भीति त्यांत व्यक्त केली होती. विवाहास कायद्यानें बंदी घालणें त्याला इष्ट वाटलें नाहीं; पण बहिऱ्यांना एकत्र आणणाऱ्या निवासी शाळा, त्यांची खुणांची भाषा आणि त्यांचे बहिरे शिक्षक हीं कारणें दूर करावीं, असा त्याचा रोख होता. एकेका बहिऱ्यावर त्याचें प्रेम होतें. बहिऱ्यांचा समाज मात्र त्याला नको होता.

ह्या घटनेला चोवीस वर्षें झाल्यावर, १९०४ सालीं, एच. जी. वेल्स ह्या इंग्रज लेखकाची आंधळ्यांच्या देशाची कथा लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकांत प्रसिद्ध झाली. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या कुशींत, जगापासून तुटलेल्या एका दरींत, चौदा पिढ्या आंधळ्या झालेला एक समाज राहतो. त्यांच्या घरांना खिडक्या नाहींत. दिवसा उन्हांत ते झोंपतात आणि रात्रीच्या गारव्यांत कामें करतात. रस्त्यांच्या कडांवरील खांचांवरून पायांना वाट कळते. कोणाचेंही कांहीं अडत नाहीं. अशा ठिकाणीं नूनेझ नांवाचा डोळस गिर्यारोहक कडा कोसळून येऊन पडतो. आंधळ्यांत एकाक्ष राजा, ही म्हण त्याला ठाऊक असते. आपण येथें राज्य करूं, असें त्याच्या मनांत येतें. घडतें उलटें. ‘पाहणें’ ह्या शब्दाला त्या दरींत अर्थच नाहीं. तो शब्द उच्चारणारा मनुष्य त्यांना अर्धवट घडलेला वाटतो. तो ठेंचाळतो, अंधाऱ्या घरांत माणसांवर पडतो, त्यांच्या कानांना सहज कळणाऱ्या गोष्टी त्याला कळत नाहींत. अखेर भुकेनें हार खाऊन तो शरण येतो आणि त्यांच्यांत चाकरी करूं लागतो.

पुढें त्याचें एका मुलीवर प्रेम जडतें. तेव्हां तेथील वैद्य त्याचा चेहरा चांचपून निदान करतो. ह्याच्या चेहऱ्यावर जे दोन मऊ, हालणारे गोळे आहेत, ते रोगट आहेत. त्यांच्या सततच्या चाळवणुकीमुळें ह्याचा मेंदु ठिकाणावर राहत नाहीं. एक सोपी शस्त्रक्रिया करून ते काढून टाकले, कीं हा अगदीं शहाणा नागरिक होईल. मुलीचा बाप तें ऐकून समाधान पावतो. मुलगीही, त्याच्यावर खरें प्रेम असूनही, शस्त्रक्रिया करून घे म्हणून त्याला विनविते. नूनेझ कबूलही होतो. परंतु ठरलेल्या दिवशीं सकाळीं कुरणांतील पांढरीं फुलें आणि डोंगरावर उतरणारें ऊन त्याच्या दृष्टीस पडतें, आणि तो दरी सोडून वर चढूं लागतो.

मिलानचा वृत्तांत वाचून ही कथा वाचली, तर दोहोंतील साम्य लपत नाहीं. दोन्ही ठिकाणीं निर्णय देणारे लोक, ज्या वस्तूविषयीं निर्णय देतात, ती वस्तु त्यांच्याजवळ नाहीं. दरींतल्या वैद्यानें कधीं पाहिलें नव्हतें. मिलानच्या बहुतेक प्रतिनिधींनीं कधीं हातांनीं विचार केला नव्हता. दोन्ही ठिकाणीं निराळेपणाला रोग म्हटलें आहे, आणि रोग म्हटल्याबरोबर तो काढणें हें दयेचें कृत्य ठरलें आहे. दोन्ही ठिकाणीं मनुष्य समाजांत यावा म्हणून त्याचा एक अवयव निकामी करावयाचा आहे. तेथें डोळा, येथें हात. आणि सर्वांत महत्त्वाचें साम्य असें कीं, दोन्ही ठिकाणीं दडपण शत्रूकडून येत नाहीं. तें सासऱ्याकडून येतें, वैद्याकडून येतें, शिक्षकाकडून येतें, प्रेम करणाऱ्या माणसाकडून येतें. शत्रूला विरोध करणें सोपें असतें. भलें चिंतणाऱ्याला काय उत्तर द्यावें, हें परक्याला कळत नाहीं.

दोहोंत एक भेदही आहे, आणि तो सांगितला पाहिजे. नूनेझ राज्य करण्याच्या हांवेनें आलेला होता; बहिऱ्यांनीं कधीं कोणावर राज्य मागितलें नाहीं. शिवाय वेल्सनें आंधळ्यांचें बहुमत कल्पून वाचकाची ओळखीची बाजूच उलटी केली आहे. त्यांतून जें निष्पन्न होतें तें असें कीं, व्यंग कोणतें आणि धडधाकटपणा कोणता, हें पुष्कळदां डोकीं मोजून ठरतें. १६० विरुद्ध ४ ही देखील डोकींच मोजलेलीं होतीं.

मूल्य मागणारी दुसरी कथा ह्याहून जुनी आणि मुलांच्या तोंडची आहे. डेन्मार्कचा हान्स अँडरसन ह्यानें १८३७ सालीं जलपरीची कथा प्रसिद्ध केली. समुद्रांतली ही मुलगी एका राजपुत्रावर भाळते आणि माणसांत जाण्यासाठीं पाय मागते. समुद्रांतली चेटकीण पाय देते, पण बदल्यांत तिची जीभ कापून घेते. शिवाय टाकलेलें प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर पडल्यासारखें होईल, अशी अट असते. ती राजवाड्यांत जाते. तिची चाल सर्वांना मोहक वाटते. त्या प्रत्येक पावलामागची वेदना मात्र एकालाही दिसत नाहीं. राजपुत्र तिला मुकें पोर म्हणून लाडानें जवळ ठेवतो, दाराशीं उशीवर निजूं देतो, आणि विवाह दुसरीशीं करतो.

ह्या कथेंत जीभ जाते आणि कर्णबधिरांच्या इतिहासांत हात जातात, म्हणून दोन्ही उलट आहेत, असें वरवर वाटेल. परंतु सौदा एकच आहे: ज्यानें तूं मनांतलें सांगूं शकतोस, तें दे, म्हणजे आमच्यांत चालतां येईल. सुरीच्या पात्यांची गोष्ट तर ओंठ वाचून शिकणाऱ्या मुलाच्या बाबतींत शब्दशः घडते. मराठीचेंच उदाहरण घ्यावें. ‘बाळ’, ‘माळ’ आणि ‘पाळ’ हे तीन शब्द कोणी न ऐकतां, केवळ ओंठांकडे पाहून ओळखून दाखवावेत. तिन्ही वेळां ओंठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ‘क’, ‘ख’, ‘ग’ ही अक्षरें तर तोंडाच्या आंतच राहतात. ओंठांवर त्यांची खूण उमटत नाहीं. म्हणजे मुलानें अर्धें पाहावयाचें आणि अर्धें तर्कानें भरावयाचें, तेंही दिवसभर, न थकतां. आणि चुकला तर मंद ठरावयाचें. जो यशस्वी होतो, त्याच्या बोलण्याचें कौतुक होतें. त्या बोलण्याखालचीं पातीं कौतुक करणाराला दिसत नाहींत.

अँडरसनच्या कथेंत आणखी एक गोष्ट आहे. वाचा गेली तरी जलपरीचे हात शाबूत होते, डोळे शाबूत होते. राजवाड्यांत इतकीं माणसें होतीं. पण ह्या मुलीला कांहीं सांगावयाचें असेल, तर तें आपण तिच्या रीतीनें समजून घेऊं, असें एकाच्याही मनांत आलें नाहीं. तिनें सर्व शिकावयाचें होतें. राजवाड्यानें कांहींच शिकावयाचें नव्हतें.

तिसरी कथा फ्रान्झ काफ्का ह्याची, १९१७ सालची. तींत एका विद्वत्सभेपुढें एक वक्ता आपल्या पूर्वायुष्याचें निवेदन करतो. हा वक्ता पूर्वीं वानर होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला गोळ्या घालून पकडलें, पिंजऱ्यांत घालून जहाजावर चढविलें. त्या पिंजऱ्यांत त्यानें ओळखलें कीं, सुटका हवी असेल तर पिंजऱ्याबाहेरच्यांसारखें झालें पाहिजे. तो हस्तांदोलन शिकला, थुंकावयास शिकला, चिलीम ओढावयास शिकला, नको असतां दारू पिण्यास शिकला, आणि एके दिवशीं त्याच्या तोंडून मनुष्यवाणीचा पहिला शब्द निघाला. तो स्पष्टच सांगतो कीं, माणसांचें अनुकरण करण्यांत त्याला गोडी नव्हती. त्याला केवळ बाहेर पडण्याची वाट हवी होती. सभा ऐकत असते. आपल्या यशाविषयीं तक्रार करण्यास त्याला जागा नाहीं. परंतु त्याच्याच जातीची अर्धवट शिकविलेली एक मादी त्याच्या घरीं असते, आणि दिवसाउजेडीं तिच्या डोळ्यांतली भ्रमिष्ट झांक त्याला पाहवत नाहीं.

ही कथा कर्णबधिरांच्या संदर्भांत घेतांना जपलें पाहिजे. कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उत्क्रांतीच्या कल्पनेचा विपर्यास करून, खुणा ही वानरांच्या पायरीवरची भाषा आणि वाचा ही मनुष्याची, असें म्हणणारे शिक्षणतज्ज्ञ खरोखरच होऊन गेले. तो अपमान पुन्हां करावयाचा नाहीं. ह्या कथेंत पाहावयाचें आहे तें वक्त्याकडे नव्हे, सभेकडे. त्या काळीं बहिऱ्या मुलांना पाहुण्यांपुढें उभें करून बोलून दाखवावयास लावीत. मिलानलाही तेथील शाळेंतील मुलांनीं प्रतिनिधींपुढें प्रश्नांचीं उत्तरें तोंडानें दिलीं आणि सभेवर त्याचा मोठा परिणाम झाला. मूल काय बोललें, ह्यापेक्षां तें बोललें ह्याचेंच सभेला कौतुक होतें. त्याला काय म्हणावयाचें आहे, हें विचारण्याची पाळीच येत नव्हती. वाट मिळणें आणि स्वातंत्र्य मिळणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें काफ्काच्या वक्त्याला कळलें होतें. टाळ्या वाजविणाऱ्यांना तें कळलें नव्हतें.

तिन्ही कथाकारांना परक्यासाठीं चांगला शेवट सांपडला नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. नूनेझ डोंगरावर पडून राहतो. वेल्सनें १९३९ सालीं शेवट बदलून दोघा प्रेमिकांना दरीबाहेर काढलें, परंतु त्यासाठीं त्याला सबंध दरी कड्याखालीं गाडावी लागली. जलपरीचा फेंस होतो आणि मग ती वायुरूप होते. काफ्काचा वक्ता यशस्वी होऊन एकाकी राहतो. परक्यानें बदलावें, किंवा निघून जावें, किंवा समाज नष्ट व्हावा, ह्यांपलीकडे चौथी वाट कथेला दिसली नाहीं. ती वाट इतिहासांत मात्र होती.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नांवाचें बेट आहे. सतराव्या शतकापासून तेथें वसलेल्या कांहीं कुटुंबांत आनुवंशिक बहिरेपणा होता. एकोणिसाव्या शतकांत बेटावर सरासरी १५५ माणसांमागें एक मनुष्य बहिरा होता, आणि चिल्मार्क ह्या गांवांत तर पंचविसांत एक. बहिरे तेथेंही अल्पसंख्यच होते. परंतु त्या बेटावरील ऐकूं येणाऱ्या लोकांनीं खुणांची भाषा शिकून घेतली होती. मूल ती इंग्रजीबरोबरच, अंगणांत खेळतां खेळतां उचलीत असे. समुद्रावर एका होडींतून दुसऱ्या होडींतल्या माणसाशीं, जेथें आवाज पोंचत नाहीं तेथें, डोळस-कानस कोळी हातांनींच बोलत. नोरा एलेन ग्रोस ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं बेटावरील वृद्धांच्या आठवणी गोळा करून १९८५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. एखाद्या जुन्या माणसाविषयीं विचारलें, तर तो उत्तम मासेमार होता, अमक्याचा जांवई होता, असें वृद्ध सांगत. तो बहिरा होता, हें त्यांना पुष्कळदां विचारल्यावरच आठवे. आनुवंशिक बहिरेपणा असलेली बेटावरील शेवटची व्यक्ति १९५२ सालीं वारली. त्या बेटावर बहिरे होते, परंतु परके नव्हते. कारण जुळवून घेण्याचें ओझें तेथें दोन्ही बाजूंनीं उचललें होतें.

इतरत्र हें ओझें एकाच बाजूवर राहिलें, तरी ती बाजू हरली नाहीं. १९१३ सालीं जॉर्ज वेडिट्झ ह्या अमेरिकेंतील बहिऱ्या पुढाऱ्यानें आपल्या भाषेचें रक्षण करण्याविषयीं हातांनीं भाषण केलें आणि तें चलच्चित्रावर उतरवून ठेवलें. कागदावर न मावणाऱ्या भाषेला त्यानें फितीवर जपलें. १९६० सालीं वॉशिंग्टनच्या त्याच महाविद्यालयांतील इंग्रजीचे अध्यापक विल्यम स्टोको ह्यांनीं दाखवून दिलें कीं, खुणांच्या भाषेला शब्दांची घडण आहे, व्याकरण आहे, आणि ती कोणत्याही भाषेइतकीच पूर्ण भाषा आहे. १९८८ च्या मार्चमध्यें तेथील विद्यार्थ्यांनीं सुमारें आठवडाभर संस्था बंद पाडली, आणि १२४ वर्षांच्या इतिहासांत प्रथमच एक बहिरा मनुष्य, किंग जॉर्डन, तिचा अध्यक्ष झाला. शेवटीं २०१० सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें भरलेल्या त्याच परंपरेंतील परिषदेनें मिलानचे ठराव नाकारले आणि त्यांनीं केलेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मध्यें १३० वर्षें गेलीं होतीं. म्हणजे मुलांच्या चार-पांच पिढ्या.

हिंदुस्थान ह्या इतिहासाच्या बाहेर नव्हता. मिलाननंतर पांच-सहा वर्षांच्या आंतच मुंबईस बहिऱ्या मुलांची शाळा निघाली आणि १८९३ सालीं कलकत्त्यास दुसरी. ज्या काळांत आपल्याकडे हें शिक्षण रुजलें, तो वाचापद्धतीच्या विजयाचा काळ होता. साहजिकच येथील शाळांवरही तिची पकड दीर्घकाळ राहिली. परंतु मुलें एकत्र आलीं कीं हात बोलूं लागतात. १९७० नंतरच्या वर्षांत, स्वतः कर्णबधिर असलेले मदन वसिष्ठ आणि भाषाशास्त्रज्ञ जेम्स वुडवर्ड ह्यांनीं दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगळूर येथील बहिऱ्यांच्या खुणांचा अभ्यास केला. कोणत्याही शाळेनें न शिकविलेली एक भाषा थोड्याफार प्रांतभेदानें ह्या सर्व शहरांत नांदत आहे, असें त्यांना आढळलें. २०१५ सालीं दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनाचें व प्रशिक्षणाचें केंद्र स्थापन झालें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सांकेतिक भाषेला स्थान दिलें. आणि त्या केंद्राचा शब्दकोश २०१८ मधील ३,००० शब्दांवरून २०२१ सालीं १०,००० शब्दांवर गेला. २०११ च्या शिरगणतींत ऐकण्याचें अपंगत्व असलेले सुमारें पन्नास लक्ष लोक नोंदले गेले होते. कोश कितीही वाढला, तरी त्यांच्यापैकीं प्रत्येकाच्या घरांत तो आपोआप शिरत नाहीं.

कारण ह्या प्रश्नाचें खरें ठिकाण घरच आहे. बहिऱ्या मुलांपैकीं दहांतील नऊहून अधिक मुलें ऐकूं येणाऱ्या आईबापांच्या पोटीं जन्मतात. त्या आईबापांनीं बहुधा दुसरा बहिरा मनुष्य जवळून पाहिलेला नसतो. वैद्य त्यांना कानांत बसविण्याच्या यंत्राविषयीं सांगतो, शिक्षक बोलण्याच्या वर्गाविषयीं सांगतो, शेजारी देवाविषयीं सांगतात. यंत्र वाईट नाहीं, बोलावयास शिकणेंही वाईट नाहीं. कित्येक मुलांना त्यांचा उत्तम लाभ होतो. घात होतो तो तेव्हां, जेव्हां हात हालविलास तर बोलावयास येणार नाहीं, असें मुलाला सांगितलें जातें. आणि भाषा रुजण्याचीं आयुष्यांतलीं पहिलीं चार-पांच वर्षें, नीट ऐकूं न येणाऱ्या शब्दाची वाट पाहण्यांत निघून जातात. ज्या वयांत मुलानें आईला शंभर प्रश्न विचारावयाचे, त्या वयांत त्याच्याजवळ एकही प्रश्न विचारण्याचें साधन नसतें. ही हानि पुढें भरून काढणें फार कठीण असतें, आणि ती बहिरेपणानें झालेली नसते.

मिलानची परिषद १८८० सालीं संपली, असें इतिहासांत लिहिलेलें असलें, तरी अशा प्रत्येक घरांत ती लहान प्रमाणावर पुन्हां भरत असते. आजोबा, आजी, आई, बाप, काका, वैद्य असे सर्व प्रतिनिधि हजर असतात. सर्वांच्या मनांत मुलाचें हितच असतें. आणि त्या सभेंत बहिरा असा एकच असतो, त्याला अजून मत मांडतां येत नाहीं. त्या सभेनें मिलानचा ठराव करावयाचा कीं चिल्मार्क गांवची रीत धरावयाची, हें त्या घरावरच अवलंबून आहे. दुसरी वाट धरणाऱ्या घराला फार मोठें कांहीं करावयाचें नसतें. मुलाला बोलावयास शिकवीत असतांना, घरांतल्या मोठ्या माणसांनीं संध्याकाळीं थोडा वेळ बसून त्याच्या हातांची भाषा शिकावयास आरंभ करावयाचा असतो.